जाडीबाई

माझी मावशी अंगाने काडी. वारा सुटला की दोरीवरच्या कपड्यांबरोबर हिलाही चिमटा लावायला हवा, असं काका म्हणायचे. तरी बांधकामावरची माणसं तिला जाडीबाई म्हणत. कामावर नवीन आलेल्याला कोणीतरी मुद्दाम सांगायचं, "जा, जाडीबाईंना विचारून ये." तो बिचारा एखादी भरभक्कम बाई शोधत दोन मजले पालथे घालायचा आणि परांचीवर उकिडव्या बसलेल्या मावशीच्या समोरून दोनदा निघून जायचा.

हे नाव पडलं ते तिच्या एका प्रश्नामुळे. रंगाचा हात फिरवून कोणी खाली उतरला रे उतरला की ही विचारायची, "जाडी किती?"

ती या धंद्यात आली ती मागच्या दाराने. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, काका शाळेची बस चालवत होते, आणि मावशी गावाबाहेरच्या एका मोठ्या शेडमध्ये कामाला लागली होती. तिथे इमारतींचे लोखंडी खांब आणि तुळया कापून, जोडून तयार होत. मावशीचं काम तारेच्या ब्रशने गंज खरवडण्याचं. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयासुद्धा तांबड्या झालेल्या असायच्या. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. आईबरोबर तिच्याकडे गेले की मला ते तोंड धुतलेलं पाणी बघायला आवडायचं.

एके दिवशी शेडमध्ये रंगाच्या कंपनीचा एक प्रशिक्षक आला. पोक काढून चालणारा, चष्म्याला दोरी बांधलेला, आवाज इतका हळू की मागच्याला काही ऐकू जायचं नाही. त्याने लोखंडाच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. एक उघडी, एकीवर पांढरा रंग. दोन्ही शिकंज्यात आडव्या धरून त्याने प्रत्येकीच्या टोकाला सारखंच वजन टांगलं आणि खालून गॅसची ज्योत सोडली.

उघडी पट्टी लाल झाली आणि थोड्या वेळाने मान टाकल्यासारखी वाकली. दुसरीवरचा रंग मात्र तापलेल्या दुधासारखा वर आला. फुगला, काळा पडला, पावासारखा जाड झाला आणि तसाच चिकटून राहिला. आतली पट्टी सरळच्या सरळ.

"लोखंड जळत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात," प्रशिक्षक म्हणाला. "पण तापलं की त्यातली ताकद जाते. मग वरचं छप्पर लोखंड जळायची वाट बघत नाही. हा रंग आग विझवत नाही. तो लोखंडाला तापू देत नाही, तेही थोडा वेळ. एक तास, दीड तास. तेवढ्यात माणसांनी बाहेर पडायचं."

चहाची घंटा झाली तशी सगळी रंगारी मंडळी उठून गेली. मावशी झाडू घेऊन कोपऱ्यात उभी होती, ती पुढे आली. तिने त्या काळ्या फुगवट्याला बोट लावून पाहिलं. मग विचारलं, "साहेब, खांब भिंतीला लागून असतो तेव्हा मागच्या बाजूला ब्रश जात नाही. तिथे रंग नीट बसलाय की नाही, हे कोण बघतं?"

प्रशिक्षकाने चष्मा काढून पुसला. "वीस वर्षं हा प्रयोग दाखवतोय," तो म्हणाला. "हे कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही बघाल?"

त्याने तिला एक पातळ धातूचा कंगवा दिला. त्याचे दात लहानमोठे. ओल्या रंगात तो उभा टेकवायचा; कोणत्या दातापर्यंत रंग लागला त्यावरून थर किती जाड बसला ते कळतं. पुढे सहा महिन्यांनी शेडच्या मालकाने त्याच प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून सुकलेला थर मोजायचं यंत्रही घेतलं. मुठीत मावेल एवढं. लोखंडावर टेकवलं की वरच्या रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवायचं. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. सगळे त्याला नुसतं 'मीटर' म्हणत. ते मीटर मावशीकडे आलं आणि रंगाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या.

त्यांचा मुख्य मिस्त्री उंचापुरा, हाताचा सफाईदार माणूस. त्याने रंगवलेल्या खांबात तोंड दिसायचं. पण हा रंग दिसण्यासाठी नसतो, हे त्याच्या गळी उतरेना. मावशीने पहिल्यांदा त्याच्या खांबावर थर कमी पडलेल्या जागी खडूने फुल्या मारल्या, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुम्ही आधी स्वतः जाड व्हायचं बघा. रंगाचं आम्ही बघतो."

सगळे हसले. मावशीही हसली. म्हणाली, "माझं कमी पडलं तर माझं मी निस्तरेन, मिस्त्री. ह्याचं कमी पडलं तर खाली दुसराच कोणीतरी उभा असेल."

मिस्त्रीने त्या दिवशी तोंड फिरवलं. पण तिसऱ्या दिवशी फुल्यांच्या जागी रंगाचा आणखी एक हात फिरलेला होता. पुढची अकरा वर्षं त्या दोघांनी जोडीने काम केलं. तो मारायचा, ही मोजायची. भांडायचे इतकं, की त्रयस्थाला वाटावं आता हे एकमेकांना रंगवतील.

एव्हाना मावशी स्वतः रंगही मारायला शिकली होती, आणि शेड सोडून मिस्त्रीसोबत एका ठेकेदाराच्या इमारतींवर जायला लागली होती. जाताना मालकाने ते मीटर तिलाच देऊन टाकलं. तिच्या एका वहीत प्रत्येक खांबाचं पान असायचं. खांबाचा क्रमांक, तारीख, चारही बाजूंचे आकडे. घरी चष्मा, किल्ल्या, दूधवाल्याची पिशवी, सगळं हरवायचं. वही कधी नाही. काका म्हणायचे, "लोकांच्या खांबावर काय फुगतंय ते हिला कळतं. घरात दूध उतू गेलं की मात्र मला सांगावं लागतं."

मग वृद्धाश्रमाचं काम आलं. दोन मजली नवी इमारत, लोखंडी सांगाडा, खाली जेवणघर, धुण्याची आणि इस्त्रीची खोली, वर झोपायच्या खोल्या. वरच्या एका मोठ्या खोलीत अंथरुणाला खिळलेली माणसं राहणार होती. एकूण तीस खांब. प्रत्येकावर त्या रंगाचा नऊशे मायक्रॉनचा थर हवा होता, आणि त्यावर शोभेचा फिकट पिवळा हात. मावशीने सगळे तीस खांब मोजले, वहीत उतरवले, सही केली. इमारत वापरात आली.

दोन महिन्यांनी ती दुसऱ्या एका कामावर होती. तिथला इंजिनियर नवखा आणि शिस्तीचा. तो म्हणाला, "बाई, मोजायच्या आधी मीटरचं शून्य दाखवा मला."

मीटरच्या डबीत एक कोरी लोखंडी चकती असते. तिच्यावर रंगच नाही, म्हणजे मीटरने शून्य दाखवायला हवं. मावशीने टेकवलं. आकडा आला एकशे पन्नास. तिने चकती पुसली, पुन्हा टेकवलं. एकशे पन्नास.

"तेव्हा पायाखालची परांची सरकल्यासारखं झालं," असं ती मला पुढे सांगायची. वृद्धाश्रमाच्या कामात एकदा मीटर तिच्या हातून निसटून खाली पडलं होतं. तिने उचललं, चालू होतंय ना पाहिलं आणि पुढे मोजत गेली. शून्य तपासलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, नंतरही नाही. दुसऱ्यांच्या कामावर अकरा-बारा वर्षं फुल्या मारणाऱ्या बाईचा स्वतःच्याच मीटरवर आंधळा विश्वास बसला होता. वही उघडून तिने पाहिलं. मीटर पडलं त्या दिवशी आठवा खांब झाला होता. म्हणजे पुढचे बावीस खांब संशयात.

तिने त्या इंजिनियरचं मीटर मागून घेतलं आणि त्याच दुपारी वृद्धाश्रमात गेली. पहारेकऱ्याला वाटलं कोणाला भेटायला आल्या आहेत. ती एकेका खांबापाशी जाऊन उभी राहत होती, चारही बाजूंनी मीटर लावत होती, शोभेच्या हाताची जाडी वजा करत होती. आठ खांब बरोबर निघाले. बाकीचे बावीस साडेसातशेच्या आसपास.

घरी आली तेव्हा काका बसचे आरसे पुसून नुकतेच आत आले होते. तिने सगळं सांगितलं. काकांनी विचारलं, "कोणाला माहीत आहे?"

"मला."

"आणखी?"

"आता तुम्हाला."

काकांनी हातातलं फडकं झटकून खुंटीला टांगलं. मग म्हणाले, "बसचा ब्रेक जरासा कमी लागतोय, हे मला एकट्याला माहीत असतं, तर मी दुसऱ्या दिवशी पोरं भरली असती का?"

दुसऱ्या दिवशी ती ठेकेदाराकडे गेली. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्याला शंभर व्याप. त्याने कपाळाला हात लावला.

"बाई, इमारत पास झाली. लोक राहायला आले. दीडशे मायक्रॉन म्हणजे किती? दोन कागद. आणि हे आता बोलायचं?"

"मला काल कळलं, म्हणून आज बोलते."

"तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय, आणि पाय माझाही आहे त्यात."

"सही माझी आहे. तुमचा रंगारी बरोबर होता. मी 'झालं' म्हटलं म्हणून तो थांबला. मी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकाबाईंना लिहून देणार आहे."

ठेकेदाराने टेबलावरची कामांची यादी वरपासून खालपर्यंत चाळली. शेवटी म्हणाला, "रंग मी पाठवतो. माणसं नाही देऊ शकत, सगळी अडकलीत. हात तुमचे."

"चालेल," मावशी म्हणाली.

माणसं राहत असलेल्या इमारतीत ते काम करणं म्हणजे दुखणंच होतं. नुसता आणखी एक हात मारून भागत नव्हतं. आधी वरचा पिवळा रंग पॉलिशपेपरने घासून काढायचा, धूळ ओल्या फडक्याने टिपायची, मग फुगणाऱ्या रंगाचा थर, तो पूर्ण सुकू द्यायचा, मोजायचं, आणि मग पुन्हा पिवळा हात. मुख्य मिस्त्री तोवर वय झालं म्हणून घरी बसला होता. ही बातमी कळल्यावर तो स्वतःहून आला, स्वतःचे ब्रश घेऊन. म्हणाला, "इतकी वर्षं वाट बघितली हो, तुमच्या कामावर फुली पडायची." आणि खाली बसून घासायला लागला.

आठवड्याला तीन खांब व्हायचे. चौदाव्या खांबापाशी गाडी अडली. जेवणघरातल्या त्या खांबाला टेकून एका आजींची खुर्ची होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या, आवाज अजून खणखणीत. सगळे त्यांना टेलिफोनवाल्या आजी म्हणत. त्यांनी उठायला साफ नकार दिला.

"तीन-चार महिन्यांपूर्वीच रंगवलाय हा खांब. आता पुन्हा का?"

व्यवस्थापिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, की म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवू नका. मावशीने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री छताकडे बघत होता.

"आजी, आधीचा थर कमी पडला," मावशी म्हणाली. "आग लागली तर खांब जितका वेळ टिकायला हवा तितका टिकणार नाही."

"कमी का पडला?"

"मी चुकले. माझं मोजायचं यंत्र बिघडलं होतं, आणि मी तपासलं नाही."

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चाळीस वर्षं नोकरी केली मी," त्या म्हणाल्या. "'लाइन खराब आहे', 'समोरून उचलत नाहीत', 'वरून आदेश आहे', हे सगळं ऐकलं. 'मी चुकले' हे आज ऐकते आहे." त्या उठल्या, खुर्ची स्वतः ओढत खिडकीपाशी नेली आणि तिथून सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही बाई सांगेल तिथे बसायचं. कुरकुर नको."

पावणेदोन महिन्यांत बावीस खांब झाले. शेवटच्या दिवशी मावशीने रोज सकाळी करायची तशी आधी कोरी चकती तपासली, मग तीसच्या तीस खांब पुन्हा मोजले. जे आठ बरोबर होते तेही.

त्यानंतर ठेकेदाराने तिला कामाला बोलावलं नाही. एक वर्ष आणि वर काही महिने. रागावला होता असं नाही. त्याला तिची भीती वाटायला लागली होती. मावशी त्या काळात लोकांची फाटकं आणि जिने रंगवत होती. माझी आई तिला म्हणाली, "गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?" मावशी म्हणाली, "ताई, मला झोप लागली नसती. आणि मला झोप फार लागते." शेवटी ठेकेदार स्वतः घरी आला, कारण एका नव्या इमारतीच्या मालकांनी अटच घातली होती: जिने स्वतःची चूक लिहून दिली, तीच बाई मोजायला हवी.

आणि मग, खांब दुरुस्त केल्यापासून चौथ्या वर्षी, वृद्धाश्रमाला आग लागली.

दुपारची जेवणं उरकून सगळे आडवे झाले होते. इस्त्रीच्या खोलीत चादरींच्या चळतीवर गरम इस्त्री तशीच राहिली. दार लोटलेलं, त्यामुळे कळेपर्यंत खोली पेटली होती. त्या खोलीच्या अगदी वर अंथरुणाला खिळलेली नऊ माणसं. हालचाल करता येणारे लवकर बाहेर आले. टेलिफोनवाल्या आजी अंगणात उभ्या राहून एकेकाचं नाव पुकारत होत्या, आणि 'ओ' आली की बोट दुमडत होत्या. पण त्या नऊ जणांना गादीसकट उचलून जिन्याने आणावं लागलं. परिचारिका, स्वयंपाकी, माळी, मग अग्निशमन दलाची माणसं. शेवटचा माणूस खाली आला तेव्हा आग लागून चाळीस मिनिटं होऊन गेली होती. इस्त्रीची खोली जळून कोळसा झाली. वरची जमीन जागेवर राहिली. कोणीही दगावलं नाही; माळ्याचा हात भाजला तेवढाच.

मावशीला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी तेव्हा तिच्याकडे राहायला आले होते, म्हणून तिच्याबरोबर गेले. खोलीत ओल्या राखेचा वास होता, पायाखाली काचा करकरत होत्या. मधोमध त्या बावीसांतले दोन खांब, काळ्या फुगलेल्या थराने जाड झालेले, जणू कोणी त्यांना घोंगडी पांघरली होती. मला वाटलं मावशी रडेल. तिने पिशवीतून एक साधी शाळेची पट्टी काढली आणि फुगवट्यात खुपसून मोजायला लागली.

"इथे डावीकडे जरा कमी फुगलंय," ती म्हणाली. "कोपरा आहे ना. कोपऱ्यावर रंग थांबत नाही."

तिथे अग्निशमन दलाचे एक अधिकारी पंचनामा करत होते. व्यवस्थापिकाबाईंनी त्यांना मावशी कोण ते सांगितलं, बावीस खांबांची हकीकतही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगू का, बाई?" ते म्हणाले. "आग चाळीस मिनिटांची. तुमचा पहिला थर होता, साडेसातशेचा, तोही कदाचित टिकला असता."

व्यवस्थापिकाबाईंना ते बोलणं आवडलं नाही. मला तर रागच आला. पण मावशीने मान हलवली.

"टिकला असता कदाचित," ती म्हणाली. "मलाही नक्की सांगता येणार नाही. पण वर झोपलेल्यांना मी 'कदाचित' देऊन गेले नव्हते, एवढं बरं."

अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं. मग त्यांनी विचारलं, की आमच्या नव्या भरतीच्या मुलामुलींना हे सगळं येऊन सांगाल का. मावशीने सरळ नाही म्हटलं. चारचौघांत बोलायचं तिला जमत नव्हतं, लग्नात उखाणा घेतानाही तिचा आवाज असा बसला होता की सगळे हसले होते. पण काकांनी तिला स्वतः बसने नेऊन सोडलं आणि ती आत जाईपर्यंत फाटकापाशी हटले नाहीत. पहिल्या वेळी ती अकरा मिनिटं बोलली आणि उरलेला वेळ सगळ्यांना खांबाच्या मागच्या बाजूला हात घालायला लावला. आता ती तंत्रशाळेत आठवड्यातून तीन दिवस शिकवते. परांचीवर चढणं गुडघ्यांनी बंद केलं.

गेल्या महिन्यात तिच्या विद्यार्थिनींनी रंगवलेल्या एका नव्या रुग्णालयाचं उद्घाटन होतं. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, म्हणून आम्ही सगळे गेलो. भाषणं सुरू झाली आणि बघते तर मावशीची खुर्ची रिकामी. शोधत शोधत तळघरात गेले. पाण्याच्या पंपांच्या खोलीत, चांगली साडी गुडघ्यापर्यंत खोचून, ती दोन मुलींबरोबर पाइपांच्या मागे वाकली होती. त्यातली एक मुलगी तिला हातवारे करून काहीतरी पटवून देत होती, आणि मावशी ऐकत होती.

"मावशी, वर तुझं नाव पुकारलं," मी म्हटलं.

"हो का?" ती म्हणाली. "त्यांना सांग, येतेच. ही म्हणते ते मला आधी नीट समजू दे."